सांगता येत नाही

४ जून

प्रिय भावोजी,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, पुढे भांडणाच्या भरात राहून जायला नकोत.

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्ही "हो हो" म्हणता आणि तिकडे तुमचं दुसरंच काहीतरी चाललेलं असतं, ते मला इकडे कळतं. पत्राला हो हो करता येत नाही. वाचावंच लागतं.

तर बातमी अशी की तुमची वहिनी नापास झाली. वय अठ्ठेचाळीस, आणि विषय कोणता, तर बावीस वर्षं जे काम करते तोच. तुमच्याकडचे पाहुणे अजूनही मला "दवाखान्यात भांडी घासते" म्हणतात, म्हणून एकदा लिहूनच ठेवते. ऑपरेशनची हत्यारं वापरून झाली की खाली आमच्या विभागात येतात. धुणारे धुतात. मग आम्ही सहाजणी टेबलावर एकेक हत्यार तपासतो, ट्रे लावतो, गुंडाळतो. तो ट्रे यंत्रात वाफेवर निर्जंतुक होतो आणि वर जातो. आम्ही चुकलो तर वर कळतं, आणि वर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता नवं यंत्र आलंय, कपाटाएवढं, दोन्हीकडून दार असलेलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आम्ही सगळ्या हात जोडल्यासारख्या उभ्या होतो. त्यासोबत एक कोर्सही आला. तीन दिवस संगणकासमोर बसायचं आणि शेवटी चाळीस प्रश्न. पास व्हायला बत्तीस बरोबर हवेत. माझे अठ्ठावीस. उरलेले बारा प्रश्न म्हणजे ट्रेची चित्रं. खाली विचारलेलं, हा ट्रे पूर्ण आहे का? हो, नाही, सांगता येत नाही. मी बाराही ठिकाणी "सांगता येत नाही" दाबलं. नुसत्या चित्रावरून काय सांगणार? आमच्या भिंगवालीनेही तेच केलं (ती भिंगाखाली हत्यारांची टोकं बघते, म्हणून भिंगवाली). आम्ही जुन्या पाचही जणी त्याच बारांत बुडालो. दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या नवीला मात्र नव्वद टक्के. आता तिचं नावच नव्वद पडलंय.

वीस जुलैला परत परीक्षा आहे. तेव्हा नापास झाले तर टेबल सोडायचं आणि ट्रॉली ढकलायची. भावोजी, मला ट्रॉलीची लाज नाही, पण ते टेबल माझं आहे. ते गेलं तर मी घरी कोण म्हणून येऊ, ते मला कळत नाही.

तुम्ही मोठ्या माणसांना शिकवायचे कोर्स बनवता, म्हणून विचारते. ज्याने कुणी हा कोर्स बनवलाय त्याने जन्मात चिमटा फक्त नाकातले केस उपटायला धरला असणार. असल्या माणसाकडून पास कसं व्हायचं, ते सांगा.

तुमचे दादा बरे आहेत. मी नापास झाले हे ऐकून हसले, मग माझं तोंड बघून चहा टाकायला उठले.

तुमची वहिनी

११ जून

ती. वहिनींना नमस्कार,

पत्र एका दमात वाचलं. मनाला लावून घेऊ नका. प्रौढ माणूस शिकायला येतो तेव्हा अनुभवाची शिदोरी सोबत आणतो, आणि कधीकधी ती शिदोरीच नव्या गोष्टीच्या आड येते. हे आमच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. कोर्स बनवणाऱ्यांनीही काही विचार केलाच असेल. तज्ज्ञांकडून तपासून घेतल्याशिवाय अशी गोष्ट बाहेर जात नाही.

उपाय सोपा आहे. परीक्षेत चित्राकडे चित्र म्हणून बघायचं. सगळं जागच्या जागी दिसलं की "हो" दाबायचं. त्या निळ्या ट्रेच्या चित्रात तर काही लपवाछपवीसुद्धा नाही, बारा चिमटे स्वच्छ मोजता येतात. ते फक्त चित्र आहे, वहिनी. त्याने कुणाचं पोट उघडायचं नाहीये.

सराव करा, पास व्हाल. दादाला आठवण सांगा. इकडे कामाचा रगाडा आहे, म्हणून थोडक्यात आवरतो.

तुमचा धाकटा दीर

१८ जून

प्रिय भावोजी,

शिदोरी म्हणे. लहानपणी माझ्या डब्यातलं चोरून खाणारा माणूस मला शिदोरीवर व्याख्यान देतो.

तुमचं ऐकून मी सरावाला बसले. आमच्या इनचार्ज सिस्टर कडक आहेत, पण मनाने बऱ्या, त्यांनी संगणक उघडून दिला. पहिलं चित्र आलं. सगळं जागच्या जागी दिसत होतं. बोट "हो"वर नेलं आणि तिथेच राहिलं. शेजारी भिंगवाली होती. तिने डोळे मिटून एकदाचं "हो" दाबलं, आणि उठून बेसिनवर जाऊन हात धुऊन आली. आम्ही हसलो नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, मला जिने शिकवलं तिला आणखी कुणीतरी शिकवली होती. हात लावल्याशिवाय "हो" म्हणायचं नाही. शेजारणीने शंभरदा मोजलेला ट्रे असला, तिच्यावर जीव असला, तरी आपला हात लागला नसेल तर आपलं उत्तर "सांगता येत नाही". अडाणीपणाने नाही म्हणत आम्ही हे. हेच आमचं काम आहे. बावीस वर्षं एक गोष्ट करायची नाही म्हणून हाताला शिकवली, आता बत्तीस गुणांसाठी हात कसा फिरेल? आणि फिरलाच, तर दुसऱ्या दिवशी टेबलावर पुन्हा सरळ होईल का? मला त्याचीच भीती वाटते.

आता दुसरं. माझं पत्र मी दोनदा आठवून पाहिलं. बारा चित्रं आहेत एवढंच लिहिलं होतं. त्यातला एक ट्रे निळा आहे आणि त्यात बारा चिमटे आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

वहिनी

२४ जून

वहिनी,

नाकातले केस उपटणारा माणूस मीच.

तुमचं पहिलं पत्र वाचतानाच ओळखलं होतं. तीन दिवस, चाळीस प्रश्न, सगळं माझंच. आमची कंपनी तो कोर्स बऱ्याच दवाखान्यांना देते, तुमच्याकडे गेलाय हे मला माहीत नव्हतं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्याऐवजी शिदोरी आणि तज्ज्ञ यांच्या मागे लपलो. तज्ज्ञ म्हणजे एक सल्लागार होते. त्यांनी चहा पिता पिता पडद्यावर बारा चित्रं बघितली आणि ठीक आहे म्हणाले.

तो कोर्स मी पाच आठवड्यांत बनवला, खुर्चीवर बसून. निर्जंतुकीकरणावरची चार पुस्तकं वाचली. ट्रे लावणारं एकही माणूस पाहिलं नाही. माझ्याच घरातलं एक माणूस हे काम बावीस वर्षं करतंय, आणि त्याला एक प्रश्न विचारावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. "सांगता येत नाही" हा तिसरा पर्याय मी का ठेवला होता, माहीत आहे? ज्यांचं लक्ष नाही त्यांना पकडायला.

साहेबांना म्हटलं, चित्रांचा भाग चुकलाय. ते म्हणाले, नव्या मुली पास होतात आणि जुन्या नापास होतात, म्हणजे कोर्स बरोबर मोजतोय. आणि मी तर कुणाला हे काम करताना पाहिलेलंच नाही.

एक दिवस तुमच्या टेबलाशेजारी उभं राहू द्याल का? सिस्टरना मी रीतसर अर्ज केलाय. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही.

तुमचा दीर

९ जुलै

वहिनी,

परत येऊन तीन दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि काहीतरी थिटं वाटून उठतो. आज मात्र जसं येईल तसं लिहितो.

मला वाटलं होतं, तुम्ही यादीवर खुणा करत असाल. चपला बदलल्या, टोपी, झगा, हात धुणं, सगळं झालं, आणि काचेपलीकडे धुणाऱ्यांची धावपळ बघत मी तुमच्यामागे उभा राहिलो. तुम्ही ट्रे ओढलात. एकशे चार हत्यारं. पहिला चिमटा उचललात, मुठीजवळच्या दातांच्या पहिल्या खाचेवर बंद केलात, उलटा धरून तळहातावर आपटलात. उघडला नाही. बाजूला ठेवलात, दुसरा घेतलात. मी मनात म्हटलं, हे प्रत्येकाला करणार की काय. तुम्ही प्रत्येकाला केलंत. आठ-दहा मिनिटांनी एक तुमच्या हातात आपसूक उघडला. माझ्या डोळ्यांना तो बाकीच्यांचा जुळा भाऊ होता. तो लाल डब्यात टाकलात. शिरेवर लावलेला चिमटा असा सुटला तर काय होईल, ते मी पुस्तकात वाचलं होतं.

मग कात्र्या. पातळ रबराची पट्टी कापत नेलीत, अगदी टोकापर्यंत. एका कात्रीने शेवटच्या कणाएवढ्या जागेत पट्टी दुमडली. तीही लाल डब्यात. तुम्हाला कसं कळलं, असं मी मागाहून विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला कुठे कळलं? कापली म्हणून दिसलं."

आणि ती शांतता. ट्रेवर असलेल्या बाईशी कुणीही बोललं नाही. टेलिफोन वाजून वाजून थांबला. खुद्द सिस्टर काहीतरी सांगायला आल्या आणि तुमचा ट्रे पुरा होईपर्यंत हातातले कागद छातीशी धरून शेजारी उभ्या राहिल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. मी कितीतरी मोठमोठ्या सभागृहांत शिकवलंय, वहिनी. इतकं लक्ष एका जागी गोळा झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते समजेना, म्हणून मागे बांधून उभा राहिलो.

ऑफिसात आल्यावर, फोटोंसाठी आणलेली हत्यारं ठेवलेलं कपाट तडक उघडलं. तो निळा ट्रे अजून तिथेच आहे, फोटो काढला तेव्हापासून कुणी हलवला नव्हता. माझ्या उत्तरपत्रिकेत त्याच्यापुढे "हो, पूर्ण" असं लिहिलंय. एकेक चिमटा पहिल्या खाचेवर बंद केला आणि तळहातावर आपटला. नववा उघडला. परत बंद केला, परत उघडला. आजवर दोन हजारांवर माणसांनी त्या चित्रावर "हो" दाबलं आणि मी त्यांना गुण दिले. "सांगता येत नाही" म्हणणाऱ्यांचे कापले.

तो चिमटा घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अहो, ते फक्त चित्र आहे. हेच वाक्य मी तुम्हाला लिहिलं होतं. मी चिमटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तीनदा आपटून पाहिला, तिन्हीदा उघडला. चित्रांचा भाग सगळीकडून मागे घ्यायचं ठरलंय. सगळ्या दवाखान्यांना पत्रं जातायत, खाली सही माझी आहे. तुमच्याकडे वीस तारखेची परीक्षा नवी होईल, पण नापास होईल त्याने टेबल सोडायचं हा नियम दवाखान्याने कायम ठेवलाय. एवढंच वाढवून घेतलं की दर महिन्याला परत बसता येईल. नवी परीक्षा कशी असावी, ते तुम्ही सांगा. या वेळी मी फक्त लिहून घेणार.

आणखी एक विचारायचंय. सहा वर्षं विचारलं नाही. दादाचं ऑपरेशन तुमच्याच दवाखान्यात झालं. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी एकटा होतो. तुमची रजा मंजूर झाली होती, हे मला दादानेच सांगितलं होतं, तरी तुम्ही सकाळपासून ड्यूटीवर होता आणि दुपारी चारला वर आलात. मी कुणाला बोललो नाही, पण मनात एक अढी बसली. परवा तुमच्यामागे उभा असताना ती हलली. काय झालं होतं त्या दिवशी?

तुमचा दीर

१५ जुलै

प्रिय भावोजी,

अढी बसली होती हे मला माहीत होतं. तुम्ही रागावलात की जास्त अदबीने बोलता.

रजा मंजूर होती. पण आदल्या दिवशी मनात आलं, वर बाकावर बसून मी काय करणार, हातच चोळत बसणार. खाली त्याच हातांचा उपयोग आहे. दुपारच्या ऑपरेशनचे ट्रे सकाळी लागतात. त्या दिवशी अकरा ऑपरेशनं होती आणि साधा सेट सगळ्यांनाच लागतो. ट्रेवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. कुठला ट्रे कुणाच्या टेबलावर जाणार, हे खाली कुणालाच कळत नाही. मी सिस्टरना म्हटलं, अकराच्या अकरा मला लावू द्या. त्यांनी अकराही माझ्या टेबलावर पाठवले.

पहिला लावला तो यांचा म्हणून. दुसराही यांचा म्हणून. सातव्याला पाठ भरून आली, तरी तोही यांचाच असू शकत होता. अकरावा गुंडाळला तेव्हा लक्षात आलं, आता अकराही माणसं माझ्या घरातली झालीत, आणि त्यातलं एकही मी ओळखत नाही. मी घाबरले भावोजी. देवासमोर उभं राहून घाबरतो तशी घाबरले. इतकी वर्षं हे काम करत होते आणि काय करतेय ते मला त्या दिवशी दिसलं. त्यानंतर साधा ट्रे असा माझ्या हाती आलाच नाही. हे मी यांनाही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तरी चालेल.

आता परीक्षा. आम्ही जेवणाच्या सुट्टीत बसून ठरवली. पडदा नको, टेबलं आमची, हत्यारं खरी. पहिल्या दिवशी प्रत्येकीने स्वतःची एक चूक सांगायची, आणि सुरुवात सगळ्यात जुनीने करायची, म्हणजे नव्यांना तोंड उघडायला धीर येतो. मी माझी ठरवलीय. ती ऐकून भिंगवाली म्हणाली, एवढी मोठी नको, आम्हाला आमच्या सांगायला लाज वाटेल. मग प्रत्येकीने दुसरीसाठी पाच ट्रे लावायचे. कशात दोष लपवायचा, कशात काहीच नाही. मोठ्या माणसाला दुसऱ्यासाठी खड्डा खणायला दिला की तो खड्ड्यांबद्दल जेवढं शिकतो तेवढं कुणी शिकवून शिकत नाही. आणि पाचही ओळखले तरच पास. सिस्टर म्हणाल्या, पाचापैकी चार ठेवू या. मी नको म्हटलं. चार बरोबर म्हणजे काय? पाचवा कुणाचा?

हे सगळं तुमच्या भाषेत लिहून काढा, पण शिदोरी घालू नका. माझे ट्रे कोण लावणार त्याच्या चिठ्ठ्या काढल्या. नव्वद आलीय. मला तिची कीव येतेय.

वहिनी

२ ऑगस्ट

प्रिय भावोजी,

फोन दोनदा घेतला नाही, रागावू नका. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

नव्वदने पाच ट्रे लावले. पहिल्यात सैल चिमटा, सापडला. दुसऱ्यात काही दोष नव्हता, "हो, पूर्ण" म्हटलं. तिसऱ्यात पोकळ नळीत आत अडकलेला कापसाचा धागा, तोही सापडला. चौथ्यात परत काही नव्हतं. पाचवा मी दोनदा पाहिला, एकेक हत्यार आपटून, कापून, चाचपून. त्या ट्रेवर मी बोट ठेवून सांगितलं असतं की हा पूर्ण आहे. सांगितलंच. "हो" म्हणाले.

नव्वदने ट्रेमधली कागदी पट्टी उचलली. प्रत्येक ट्रेत एक असते, वाफ नीट लागली की तिचा रंग बदलतो. त्या पट्टीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात मुदत छापलेली असते. ती संपून चार महिने झाले होते. असल्या पट्टीचा रंग बदलला काय आणि न बदलला काय, वाफ लागली की नाही ते कळत नाही. पट्टीला मी हात लावला होता, भावोजी. पण हाताला तारीख कळत नाही. चाळिशी लागून दोन वर्षं झाली, मास्कमुळे तिच्यावर वाफ धरते म्हणून मी ती कपाटातच ठेवत होते. नव्वद रोज मला बघत होती. मी पट्टी टाकते, उलटून बघत नाही, हे तिला दिसत होतं, आणि बोलायची तिची छाती होत नव्हती. म्हणून तिने ट्रेमधून सांगितलं. सांगून झाल्यावर तीच रडायला लागली.

सिस्टर म्हणाल्या, पाचापैकी चार आहेत, मी पास लिहिते. माझ्याही तोंडात आलं होतं, लिहा. खरं सांगते, एक क्षणभर आलं होतं. मग विचारलं, "पाचवा कुणाचा होता, सिस्टर?" त्यांनी पेन खाली ठेवलं.

तर मी एकवीस तारखेपासून ट्रॉलीवर आहे. माझ्या टेबलावर आता नव्वद बसते. जेवणाच्या सुट्टीत मी चाळिशी लावून तिच्या शेजारी बसते आणि ती मला पट्ट्यांची बारीक अक्षरं वाचायला लावते. वीस ऑगस्टला परत बसणार आहे. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी शिकवतंय, आणि तेही माझ्या निम्म्या वयाचं. मला त्याचं राहून राहून नवल वाटतं. पहिले दोन दिवस रडू आलं, ते मात्र टेबलासाठी.

पण ट्रॉली कुठे जाते ते मला माहीत नव्हतं. मागच्या लिफ्टने वर जाते, थिएटरच्या आतल्या दारापर्यंत. तिथे नातेवाईकांना सोडत नाहीत, त्यामुळे बावीस वर्षांत मी ती जागा कधी पाहिली नव्हती. अरुंद बोळ आहे. भिंतीला लागून माणसं चाकांच्या खाटेवर पडलेली असतात, आपला नंबर यायची वाट बघत. अंगावर हिरवी चादर, डोळे छताकडे. पहिल्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि मी तिथेच थबकले. माझे सगळे ट्रे इथे येत होते. या माणसांकडे.

काल एक म्हातारी होती. माझी ट्रॉली तिच्या खाटेला घासून जात होती, तर तिने चादरीतून हात काढून ट्रॉलीची दांडी धरली. विचारलं, "यात काय आहे गं?"

मी म्हटलं, "तुमच्याच कामाचं सामान आहे, आजी."

"सगळं नीट आहे ना त्यात?"

ट्रे बंद होता. तो नव्वदने लावला होता, माझा हात त्याला लागला नव्हता. आमच्या रीतीप्रमाणे माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते त्या डोळ्यांकडे बघून देता येईना. खोटं "हो"ही जिभेवर येईना. ती दांडी सोडत नव्हती.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "जिने हे लावलंय ना आजी, तिने मला नापास केलंय."

तिला काय कळलं देव जाणे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, दांडी सोडली आणि डोळे मिटून घेतले. मी ट्रॉली आत दिली.

तुमची वहिनी